तीनशे प्रतींचा हिशेब

छोट्या मासिकाचा पहिला संपादक म्हणजे छापखान्याचे दरपत्रक. अंकाची पृष्ठे किती असावीत, छायाचित्रे रंगीत की कृष्णधवल, कोणाचा लेख पूर्ण जावा आणि कोणाचा निम्मा कापावा, हे सारे संपादक मंडळ ठरवते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी कागदाचा भाव आणि प्लेटची किंमतच ठरवून टाकते. मोठ्या नियतकालिकांना हे जाणवत नाही, कारण त्यांच्याकडे जाहिरात विभाग असतो. तीनशे वाचकांच्या अंकाला मात्र तो हिशेब रोजच्या भाजीच्या हिशेबासारखा करावा लागतो.

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये असे अंक बरेच निघतात. याचे कारण या गावाच्या घडणीत आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मग टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स भोसरीपासून आकुर्डीपर्यंत पसरली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे हाच पट्टा तळवडे, म्हाळुंगे करत चाकणच्या भुईकोट किल्ल्याच्या आसपास जाऊन पोचला. या सगळ्या वर्षांत माणसे आली ती बाहेरून. खानदेशातून आली, मराठवाड्यातून आली, कऱ्हाड-पाटणच्या डोंगरातून आली, कोकणातून आली. आयटीआयचा दाखला पिशवीत घालून आलेला विशीतला मुलगा येथेच फिटर झाला, येथेच त्याचे लग्न झाले, येथेच त्याने दोन खोल्यांचे घर बांधले आणि येथेच तो निवृत्त झाला.

निवृत्त झाल्यावर माणसाला दोन गोष्टी आठवू लागतात. एक म्हणजे सोडून आलेले गाव आणि दुसरी म्हणजे ज्या शॉपमध्ये उभे राहून आयुष्य गेले ती शॉप. या आठवणी सांगायला जागा लागते. म्हणून ज्येष्ठ नागरिक संघ निघतात, जिल्हावार मित्रमंडळे निघतात आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांचे अंक निघतात. कारखान्यांतूनही ही परंपरा आहेच. टाटा मोटर्समधल्या कर्मचाऱ्यांच्या ‘कलासागर’चा दिवाळी अंक मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. २०१६ च्या जानेवारीत एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले, तेव्हा ‘कामगारनगरीत साहित्य’ म्हणून अनेकांना नवल वाटले. येथे राहणाऱ्यांना वाटले नाही. लिहिणारी माणसे येथे आधीपासूनच होती, फक्त त्यांचे लेखन तीनशे प्रतींच्या पलीकडे जात नव्हते.

मी उभी नोकरी बँकेत केली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे अशा मंडळींच्या दृष्टीने मी दोन्हीकडचा माणूस. ‘साहेब, तुम्हाला लेखातलंही कळतं आणि आकड्यातलंही’ असे म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका त्रैमासिकाच्या मंडळींनी मला बैठकीला बोलावले. अंक ३६ पृष्ठांचा, सगळा रंगीत, गुळगुळीत आर्ट पेपरवर, ऑफसेटवर छापलेला. प्रती साडेतीनशे. छपाईचा खर्च वर्षागणिक वाढत गेलेला आणि वर्गणी मात्र जिथल्या तिथे.

बैठकीपुढे दोन प्रस्ताव होते. पहिला एका तरुण कार्यकर्त्याचा होता. छपाई बंद करावी, अंकाची पीडीएफ करून सर्वांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवावी, खर्च जवळजवळ शून्य. दुसरा प्रस्ताव बाहेरून आलेला होता. परिसरातल्या एका व्यावसायिकाने वर्षाच्या चारही अंकांचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. अंक आहे तसाच रंगीत राहील, उलट पृष्ठे वाढतील. त्यांची अपेक्षा एवढीच की मलपृष्ठ त्यांचे, एक अंक त्यांच्या वाढदिवसाचा आणि ‘वाद होईल असं काही आत नको’.

एकाने अंकाचे शरीर काढून घ्यायचे आणि दुसऱ्याने जीव, असे ते दोन प्रस्ताव होते. मधला रस्ता शोधायचा तर आधी छपाई म्हणजे काय हे समजून घेणे भाग होते.

प्रश्न जुनाच आहे

स्वस्तात कसे छापावे, हा प्रश्न छपाईइतकाच जुना आहे. आज आपण ज्याला ऑफसेट म्हणतो त्याचे मूळच या प्रश्नात आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात अलॉइस झेनेफेल्डर नावाचा एक तरुण नाटककार होता. आपली नाटके छापून घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. म्हणून तो स्वतःच छपाईचे प्रयोग करत बसे. १७९६ च्या सुमारास आईने त्याला धोब्याकडे द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली. हाताशी कागद नव्हता, म्हणून ती त्याने चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहिली, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यातून पुढे शिळाछाप जन्मली. दगडावर जिथे तेलकट अक्षर तिथे शाई धरते, जिथे ओलावा तिथे शाई धरत नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच तत्त्वावर ही छपाई चालते. दगडाच्या जागी धातूची पातळ प्लेट आली, प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर आणि तेथून कागदावर छाप उठू लागला, की झाले ऑफसेट. एका गरीब लेखकाची युक्ती आज जगातली बहुतेक वर्तमानपत्रे छापते आहे.

महाराष्ट्रातही शिळाछापाने सुरुवातीच्या काळात मोठे काम केले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते याच पद्धतीने. देवनागरीचे खिळे पाडणे खर्चाचे आणि कष्टाचे काम होते. जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या यांसाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागत. दगडावर मात्र लेखनिकाने हाताने लिहिले की काम भागे.

औद्योगिक गावातल्या माणसाला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. तेव्हाच्या औंध संस्थानातल्या त्या माळरानावर नांगराचा कारखाना उभा राहिला १९१० मध्ये. दहा वर्षांनी, १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे नियतकालिक सुरू केले. सुरुवात कारखान्याच्या बातमीपत्रासारखी, वाचक कारखान्याशी संबंधित. पण त्यात शंकररावांनी कारखान्याबाहेरचे जगही आणले. १९२९ मध्ये त्याचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ची आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ची जोड मिळाली. नांगराच्या कारखान्याच्या खबरबातीतून मराठी मध्यमवर्गाच्या घरातली तीन मासिके निघाली. प्रारंभीच्या अंकांचा थाटमाट बघून कोणी हे भाकीत केले नसते.

दुसरे उदाहरण मुकुंदराव पाटलांचे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यात राहून त्यांनी १९१० पासून १९६७ पर्यंत ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक चालवले. शहर नाही, बडा आश्रयदाता नाही, तरीही सत्तावन्न वर्षे. आणि तिसरे उदाहरण याहून अगदी वेगळे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढले, ते चक्क सायक्लोस्टाइल करून. मेणकागदाचे स्टेन्सिल, त्यावर टाइपरायटरने किंवा टोकदार लेखणीने उमटवलेली अक्षरे, शाईचा रूळ आणि हातातला दांडा. मराठी कवितेच्या इतिहासात त्या शाईने बरबटलेल्या पानांना आज मानाची जागा आहे.

ज्यांनी १९८० च्या दशकात बँकेत नोकरी केली त्यांना सायक्लोस्टाइलचा वास सांगायला नको. मुख्य कार्यालयाची परिपत्रके त्याच वासासह येत. ओळ थोडी तिरकी, एखादे अक्षर पुसट, पण मजकूर बिनचूक आणि सर्व शाखांना एकच. परिपत्रक दिसायला सुंदर नाही म्हणून ते पाळले गेले नाही, असे एकदाही घडले नाही.

मुळातला खर्च आणि प्रतीचा खर्च

आता हिशेबाकडे येतो. कोणत्याही छपाईचा खर्च दोन भागांचा असतो. पहिला भाग एक प्रत छापा की हजार, तेवढाच राहतो. प्लेटा, मशीन लावणे, शाई जुळवणे आणि जुळेपर्यंत वाया जाणारे कागद यात येतात. त्याला आपण मुळातला खर्च म्हणू. दुसरा भाग प्रत्येक प्रतीमागे वाढत जातो. त्यात कागद, शाई, बांधणी. सगळी निवड या दोन भागांच्या प्रमाणावर अवलंबून असते.

ऑफसेटमध्ये मुळातला खर्च मोठा आणि प्रतीचा खर्च लहान. पाव क्राउन, म्हणजे साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंचांचा अंक घेतला, तर वीस बाय तीस इंचांच्या डबल क्राउन शीटवर दोन्ही बाजू मिळून सोळा पृष्ठे बसतात. हा सोळा पानी फॉर्म. बत्तीस पृष्ठांचा अंक म्हणजे दोन फॉर्म. एकरंगी छपाईला त्याच्या चार प्लेटा लागतात. चार रंगांत छापायचा तर प्रत्येक बाजूला निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार-चार, म्हणजे सोळा प्लेटा. रंग आला की मुळातला खर्च चौपटीकडे जातो तो असा.

डिजिटल छपाई म्हणजे लेझर प्रिंटरचा थोरला भाऊ. तेथे प्लेट नाही. संगणकातून पान सरळ मशीनवर जाते. मुळातला खर्च जवळजवळ नाही, पण शंभरावी प्रतही पहिलीइतकीच महाग.

हिशेब दिसावा म्हणून काही आकडे धरू. हे दर कोणत्याही छापखान्याचे नाहीत, केवळ गणिताच्या सोयीचे आहेत. समजा ऑफसेटचा मुळातला खर्च १६,००० रुपये आणि वर प्रतीमागे २० रुपये. डिजिटलचा सरळ प्रतीमागे ७० रुपये. दोनशे प्रती काढल्या तर ऑफसेटला २०,००० लागतील, डिजिटलला १४,०००. पाचशे प्रतींना ऑफसेट २६,००० आणि डिजिटल ३५,०००. मधे एक आकडा असा येतो की दोन्ही सारखे पडतात. येथे तो ३२० प्रतींचा आहे. त्याच्या खाली डिजिटल, वर ऑफसेट. आपल्या छापखान्याचे खरे दर घालून हा आकडा कोणालाही पाच मिनिटांत काढता येतो. मुळातल्या खर्चाला दोन्हींच्या प्रतीखर्चातल्या फरकाने भागायचे, बस्स. शाखेत नवे यंत्र घेण्याच्या कर्जप्रस्तावांवर आम्ही हेच गणित करत असू.

या दोघांच्या मधे आणखी एक पर्याय आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे नाव रिसोग्राफ. हे जपानी यंत्र दिसते झेरॉक्ससारखे, पण काम करते सायक्लोस्टाइलचे. मूळ पानावरून ते आपोआप एक बारीक छिद्रांचा मास्टर तयार करते, तो शाईच्या ड्रमवर गुंडाळते आणि मिनिटाला शंभराहून अधिक प्रती काढते. मास्टरचा खर्च प्लेटच्या मानाने किरकोळ आणि पुढच्या प्रती अतिशय स्वस्त. शाळांच्या प्रश्नपत्रिका, क्लासच्या नोट्स यावरच निघतात. त्याच्या मर्यादाही आहेत. एका वेळी एक रंग. छायाचित्रे दाणेदार येतात. शाई सावकाश वाळते, म्हणून गुळगुळीत आर्ट पेपर चालत नाही, साधा मॅपलिथोच हवा. पण शुद्ध मजकुराच्या दोन-तीनशे प्रतींसाठी इतके काटकसरीचे यंत्र दुसरे नाही.

हे सगळे दर काढण्याआधी एक प्रश्न मात्र विचारावा लागतो. आपल्याला खरोखर किती प्रती लागतात? आमच्या मंडळींनी घरोघर विचारले. साडेतीनशेतल्या काही घरांत तोच अंक दोन-दोन जात होता, काहींची मुले त्यांना परदेशी घेऊन गेली होती, काहींनी स्वतःच सांगितले की आम्हाला फोनवर आला तरी चालेल. कागदावरच हवा म्हणणारी घरे निघाली दोनशे तीस. म्हणजे आमचा अंक त्या मधल्या आकड्याच्या खालच्या बाजूचा निघाला.

कागद, आकार आणि मधली टाचणी

आकारातही पैसा लपलेला असतो. मधे टाचणी मारलेल्या अंकाची पृष्ठे चाराच्या पटीतच असतात. पण ऑफसेटवर सोळाच्या पटीत असतील तर कागद वाया जात नाही. ३६ पृष्ठांचा अंक म्हणजे दोन पूर्ण फॉर्म आणि वर चार पृष्ठांचे शेपूट. त्या शेपटासाठी वेगळ्या प्लेटा आणि वेगळे मशीन लावणे आले. लेख थोडे आवरून बत्तिसात बसवला तर वाचकाला फरक कळत नाही, हिशेबाला कळतो.

डिजिटल आणि रिसोवर कागद ए-थ्री आकाराचा असतो. त्याची एक घडी घातली की ए-फोरची चार पृष्ठे, दोन घातल्या की ए-फाइव्हची आठ. अंक निम्म्या आकाराचा केला तर छपाई निम्म्याने उतरते. मोह होतो. पण आमचे वाचक साठीच्या पुढचे, निम्म्यांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. त्यांना टाइप चौदा पॉइंटांचा हवा आणि दोन ओळींत श्वास घ्यायला जागा हवी. छोट्या पानावर मोठा टाइप म्हणजे एका ओळीत चार शब्द. वाचकाचे डोळे हाही खर्चाचाच एक रकाना आहे, तो वगळून केलेली बचत खोटी. शेवटी पाव क्राउनच राहिला. त्याचे उघडे पान पंधरा बाय दहा इंचांचे, ते ए-थ्रीवर सहज बसते.

कागदाबद्दलही तसेच. आर्ट पेपरवर चित्र खुलते पण दिव्याखाली तो चमकतो आणि म्हातारे डोळे दमतात. सत्तर-ऐंशी जीएसएमचा किंचित पिवळसर मॅपलिथो स्वस्तही असतो आणि वाचायला सुखाचाही. अतिपातळ घेऊ नये, मागच्या पानाची अक्षरे पुढे दिसू लागतात.

अक्षरांचे दुखणे

छपाईचे दर जुळले तरी मराठी अंकाला एक खास दुखणे असते, ते म्हणजे फाँटचे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या प्रणालींनी मराठी छपाई संगणकावर आणली, ते उपकार विसरता येणार नाहीत. परंतु प्रत्येकीचा आतला सांकेतिक क्रम वेगळा. एकीतला मजकूर दुसरीत उघडला की अक्षरांची रांगोळी होते. आता लोक मोबाइलवर लिहितात ते युनिकोडमध्ये, तर पुष्कळ छापखान्यांत पानांची जुळणी अजून जुन्या फाँटांत चालते. मधे रूपांतर करावे लागते आणि त्यात नेमकी जोडाक्षरे दगा देतात. आमच्या ओळखीच्या एका मंडळाच्या अंकात, छापखान्यातल्या अशाच रूपांतरात, एका दिवंगत सभासदाच्या आडनावातला पापणीसारखा अर्धा ‘ऱ’ गळून गेला. श्रद्धांजलीच्या पानावर माणसाचे आडनाव चुकावे यासारखी बोच नाही. घरच्यांनी तो अंक परत पाठवला, काही न बोलता.

यावर उपाय सोपा आहे. सगळा मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच ठेवावा, पाने जुळवणारे सॉफ्टवेअर देवनागरी युनिकोड जाणणारे असावे आणि छापखान्याला फाँट आत रुतवलेली पीडीएफच द्यावी. मुक्ता, नोटो यांसारखे चांगले देवनागरी फाँट आज मोफत मिळतात. ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये तर ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची न येता आपल्या मराठी वळणाची येतात. आणि शेवटचे मुद्रित कागदावर काढून दोघांनी वाचावे. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पाहायचे. बँकेत रोख मोजताना आम्ही हेच करायचो. यंत्राने मोजले तरी दुसरा हात फिरल्याखेरीज बंडल बंद होत नसे.

कायद्याकडेही लक्ष हवे. ठरावीक काळाने निघणाऱ्या आणि सार्वजनिक घडामोडींवर लिहिणाऱ्या नियतकालिकाला नोंदणी लागते. १८६७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा आला, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र करावे लागे, आता ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे आहे. ‘फक्त खासगी वितरणासाठी’ अशी ओळ छापून सुटका झाली असे मानून बसण्यापेक्षा जाणकाराला विचारून घेतलेले बरे.

पैसा कोणाचा

आता पुन्हा त्या दोन प्रस्तावांकडे. पीडीएफच्या बाजूने बोलणारा तरुण खोटे बोलत नव्हता. लोकांच्या हातात फोन आहेच. पण बैठकीत मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, “फोनवर आलेलं नातवाच्या हातात राहतं. अंक माझ्या उशाशी राहतो.” त्यावर कोणी फारसे बोलले नाही. आमच्या लेखकांत एक निवृत्त टर्नर आहेत. उभे आयुष्य लेथवर गेले. एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी पहिला लेख लिहिला, तोही वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर, आपल्या पहिल्या रात्रपाळीबद्दल. तो छापून आला तेव्हा त्यांनी अंकाच्या पाच प्रती विकत घेतल्या, एक गावाकडच्या भावाला पाठवली आणि एक लोखंडी ट्रंकेत आयटीआयच्या दाखल्याशेजारी ठेवली. व्हॉट्सअॅपवरचा लेख ट्रंकेत ठेवता येत नाही.

व्यावसायिकाचा प्रस्ताव अधिक मोहाचा होता, आणि अधिक अवघड. त्याच वेळी आमच्याकडे एका निवृत्त फिटरचा लेख येऊन पडला होता, पवना नदीवरचा. १९७४ साली गावाहून आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ते तिच्यात पोहले होते. तेव्हापासून आतापर्यंत पाण्याचा रंग कसा बदलत गेला, काठावर राडारोड्याचे भराव कसे पडले, हे त्यांनी आरडाओरडा न करता, वर्ष-वर्ष सांगत लिहिले होते. पवना आणि इंद्रायणी या आमच्या दोन्ही नद्यांची अवस्था येथे कोणापासून लपलेली नाही. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस सगळ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून पाहिला आहे. तरी ‘वाद होईल असं काही नको’ या अटीत तो लेख बसत नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. प्रस्ताव देणाऱ्याचा व्यवसाय बांधकामाचा होता.

“एवढ्या एका लेखासाठी चार अंकांवर पाणी सोडायचं?” एकाने विचारले. प्रश्न रास्त होता. मी बँकेच्या भाषेत उत्तर दिले. ज्या शाखेच्या निम्म्याहून अधिक ठेवी एकाच खातेदाराच्या असतात, तिथला मॅनेजर त्या खातेदाराला नाही म्हणू शकत नाही. खातेदार कितीही सज्जन असो. तो रागावणार नाही याची काळजी घेण्यातच शाखेचा दिवस जातो. म्हणून ठेवी विखुरलेल्या असाव्यात, हा पहिला धडा. अंकाचेही तसेच. कोणाही एका जाहिरातदाराचा वाटा खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. किराणा दुकानदार, चष्मेवाला, पॅथॉलॉजी लॅब, पोळीभाजी केंद्र यांच्या पाव-पाव पानाच्या जाहिराती मिळवायला पायपीट जास्त होते, पण त्यांतला एक सुटला तर अंक बंद पडत नाही.

शेवटी ठरले ते असे. अंक बत्तीस पृष्ठांचा. त्यातले मुखपृष्ठ-मलपृष्ठाचे चार पृष्ठांचे वेष्टन तेवढे जाड कागदावर, डिजिटलवर, रंगीत. सगळी छायाचित्रे तेथेच. आतली अठ्ठावीस पृष्ठे साध्या मॅपलिथोवर, रिसोवर, काळ्या शाईत. प्रती अडीचशे. एका अंकाला आतले सात ए-थ्री कागद, म्हणजे अडीचशे प्रतींना १,७५० कागद. वाया जाणारे धरून चार रीम. परदेशी गेलेल्या मुलानातवंडांना आणि फोनवर चालेल म्हणणाऱ्यांना पीडीएफ, तीही वर्गणी घेऊनच. व्यावसायिकाला आभाराचे पत्र गेले आणि इतरांइतकीच पाव पानाची जाहिरात द्यावी अशी विनंतीही. त्यांनी ती दिली नाही.

घडी आणि टाचणी मंडळीच घालतात. लांब दांड्याचा स्टेपलर विकत घेतला आहे. लांबलचक टेबलावर कागदांचे सात गठ्ठे ओळीने मांडतात आणि आठवा वेष्टनाचा. त्यांच्याकडेने माणसे फिरत जातात. कोणता गठ्ठा कुठे ठेवायचा, कोण कुठे उभे राहायचे, हे ठरवतात असेंब्ली लाइनवर तीस वर्षे काढलेले दोन गृहस्थ. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या दिवशीची मांडणी चुकीची होती, उलट्या क्रमाने लावल्यावर वेळ तिसरा हिस्सा वाचला. एका दुपारी अडीचशे अंक बांधून होतात, मधे चहासह.

अंकाचा तोरा कमी झाला, हे खरे आहे. आर्ट पेपरची झळाळी गेली. पहिला नवा अंक हातात घेऊन एका सभासदाने ‘अगदी प्रश्नपत्रिकेसारखा वाटतो’ असे तोंडावर सांगितले. पण पवनेचा लेख त्यात पूर्ण छापला गेला. तो वाचून तिघांनी आपापल्या नदीकाठच्या आठवणी लिहून आणल्या. त्यांतल्या एकीने त्याआधी किराणाच्या यादीपलीकडे काही लिहिले नव्हते.

तुमच्या सोसायटीत, संघात, भिशीमंडळात असा अंक निघत असेल किंवा काढायचे मनात असेल, तर माझे सांगणे एवढेच. आधी घरोघर जाऊन वाचक मोजा, मग छापखान्यात जाऊन दर विचारा. निदान तीन ठिकाणची दरपत्रके घ्या आणि त्यांत प्लेट, कागद, छपाई, बांधणी वेगवेगळी लिहून मागा. एकगठ्ठा दर देणाऱ्याचा हिशेब तपासता येत नाही. रंग हवा असेल तर तो वेष्टनापुरता ठेवा. कागद वाचकाच्या डोळ्यांना विचारून निवडा. आणि कोणी सगळा खर्च उचलतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा, आभार माना आणि त्याच्याकडून वार्षिक वर्गणी घ्या, इतर सभासदांइतकीच.